कोकिळेचा ‘पंचम’ आणि मेसियाँचा ब्लॅकबर्ड

वसंत आला की एक मेसेज फिरू लागतो. मोराने षड्ज (सा) दिला, क्रौंचाने मध्यम (म), कोकिळेने पंचम (प). म्हणजे सात सूर आपल्या पूर्वजांनी पक्ष्या-प्राण्यांवरून मोजून घेतले! हा श्लोक ‘नारदीय शिक्षा’ या जुन्या संस्कृत ग्रंथात आहे आणि सुंदर आहे. पण पंचम म्हणजे ठरलेली कंपनसंख्या नव्हे. षड्जाच्या दीडपट तो पंचम, आणि षड्ज कुठे धरायचा ते गाणारा ठरवतो. आंब्यावर बसलेला कोकीळ (हो, ‘कुऊ’ करतो तो नर) कुणाचा तानपुरा ऐकून सूर लावणार? शिवाय दर हाकेला तो सूर चढवत नेतो. श्लोक उपमा म्हणून जपावा, त्यावर विज्ञानाचा शिक्का मारू नये.

पक्ष्यांचं गाणं खरोखर कान देऊन उतरवून घेणारा माणूस म्हणजे फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ (1908–1992). पॅरिसच्या ट्रिनिटी चर्चमध्ये ते 1931 पासून ऑर्गन वाजवत. श्रद्धाळू कॅथलिक. ख्रिस्ती चित्रांत पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात उतरतो. मेसियाँना मात्र रानातला कुठलाही गाणारा पक्षी मुक्तीच्या आनंदाची खूण वाटे. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या हाती सापडले. 15 जानेवारी 1941 रोजी ग्योर्लिट्झच्या युद्धकैदी छावणीत, कडाक्याच्या थंडीत, त्यांची ‘काळाच्या अंतासाठी’ ही चार वाद्यांची रचना पहिल्यांदा वाजली. सुरुवातीलाच क्लॅरिनेट ब्लॅकबर्ड होते आणि व्हायोलिन नाइटिंगेल. (नाइटिंगेलला मराठीत सर्रास बुलबुल म्हणतात, पण तो पक्षी वेगळा. ब्लॅकबर्ड मात्र आपल्या सह्याद्रीतल्या कस्तुराचा सख्खा भाऊबंद.)

आता खरी गंमत. आपलं स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला, घशात असतं. पक्ष्याचं असतं पार तळाशी, जिथे श्वासनलिका दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते. त्याचं नाव सिरिंक्स. गाणाऱ्या पक्ष्यांत या दोन्ही फाट्यांच्या तोंडाशी पातळ घड्या असतात. हवा जोरात गेली की त्या थरथरतात आणि आवाज होतो. म्हणजे एका गळ्यात दोन बासऱ्या! प्रत्येकीचे स्नायू वेगळे, मज्जातंतूही वेगळे, त्यामुळे पक्षी एकाच वेळी दोन निरनिराळे सूर काढू शकतो. अमेरिकेतला कार्डिनल खालचे सूर डाव्या बाजूने काढतो, वरचे उजवीने, आणि एकच लांब मींड घेताना मध्येच बाजू बदलतो. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. हे स्नायूही विलक्षण असतात. काही पक्ष्यांत ते सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा आकुंचन-प्रसरण करू शकतात. आपल्या हातापायांचे स्नायू त्याच्या कितीतरी आधी ताठरून जातील.

मग हे माणसाच्या वाद्यावर आणायचं कसं? पियानोची शेवटची पट्टी साधारण 4,186 हर्ट्झवर (सेकंदाला तितकी कंपनं) संपते. कित्येक पक्षी त्याच्या वरच गातात. मेसियाँनी तीन गोष्टी केल्या. गाणं संथ केलं. एक, दोन, तीन सप्तकं खाली आणलं, म्हणजे दर सप्तकाला कंपनसंख्या निम्मी. आणि पक्ष्याच्या दोन सुरांमधलं अर्ध्या स्वराहूनही (म्हणजे पियानोच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराहूनही) बारीक अंतर ताणून अर्धा स्वर केलं, बाकीची अंतरं त्याच प्रमाणात वाढवली. सूक्ष्मदर्शकातून पेशी मोठी दिसते पण तिची ठेवण तीच राहते, तसंच हे. हुबेहूब नक्कल केली असती तर आपल्या कानांना त्यातला निम्मा तपशील सापडलाच नसता.

छावणीत वाजलेल्या त्या रचनेच्या पहिल्या भागात पियानो काय करतो ते मराठी माणसाने मुद्दाम ऐकावं. वर ब्लॅकबर्ड मोकळा गात असतो आणि खाली रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश हे तीन देशी ताल एकामागून एक फिरतात. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले. 13व्या शतकात, यादवांच्या देवगिरीत लिहिलेल्या ग्रंथातले! तिन्ही तालांत मिळून 17 लहानमोठे ठोके, त्यांवर 29 स्वरसंघांची (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची) माळ. दोन्ही संख्या मूळ, त्यामुळे ताल आणि माळ एकदम पुन्हा पहिल्या घराशी यायला 17 गुणिले 29, म्हणजे 493 ठोके लागतात. तो भाग त्याच्या बराच आधी थांबतो.