दोन दारं जुळली, म्हणजे कडही निर्जंतुक?

आयसोलेटरवर, म्हणजे निर्जंतुक औषधं हाताळायच्या ग्लोव्ह लावलेल्या बंद पेटीवर, काम करणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसला आहे: अल्फा पोर्टला (पेटीच्या भिंतीतल्या दाराला) बीटा डबा (सामान आत नेणारा झाकणाचा डबा) लावला, फिरवून लॉक केला, की आतला सगळा मार्ग निर्जंतुक. हे अर्धंच खरं आहे.

मूळ कल्पना सुंदर आहे, आणि ती आली अणुउद्योगातून. आयसोलेटरचं दार आणि डब्याचं झाकण, दोन्हींच्या बाहेरच्या बाजू खोलीच्या हवेत असतात, म्हणजे अस्वच्छच. जोडणी होताना त्या एकमेकींना चिकटतात आणि मध्येच कोंडल्या जातात. बऱ्याच रचनांमध्ये डबा ६० अंश फिरवल्यावर दोन्ही मिळून एकच दार होतं आणि ते आतून उघडतं. डबा नीट बसला नसेल तर इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेची अडसर-यंत्रणा, दार उघडू देत नाही.

पण दोन्हींच्या गास्केटचे, म्हणजे कडेच्या रबरी सीलचे, ओठ जिथे भेटतात, तिथे केसाएवढी बारीक गोल रेघ उरते. दार उघडल्यावर ती आतल्या बाजूला उघडी पडते. जाणकार तिला चिंतेचं वर्तुळ म्हणतात. स्टॉपर (बाटलीचं रबरी बूच) तिच्यावरून घरंगळत गेला, ग्लोव्हची बोटं तिला घासली, तर तिथलं काहीही उत्पादनापर्यंत पोहोचू शकतं.

म्हणून चांगल्या रचनेत आतून फनेल किंवा च्यूट पुढे येतो आणि ही कड झाकतो. जोडणीआधी गास्केट बीजाणुनाशकाने, म्हणजे जिवाणूंचे चिवट बीजाणूही मारणाऱ्या रसायनाने, पुसायचं. नुसतं ७० टक्के अल्कोहोल पुरत नाही, त्याने बीजाणू मरत नाहीत. चीर गेलेलं गास्केट तर लगेच बदला, उद्यावर ढकलू नका.