वेदनाशामक व स्नायुशिथिलकारक मिश्र गोळी

कमरेत उसण भरली, मान अवघडली किंवा पोटरी आखडली की स्नायू दुखतो, आणि दुखल्यामुळे आणखी आखडतो. हे चक्र तोडण्यासाठी दोन-तीन औषधे एकत्र करून दिलेली ही गोळी असते. भारतात सर्रास लिहून दिली जाणारी जोडणी म्हणजे ॲसिक्लोफिनॅक (दुखणे व सूज कमी करणारे) १०० मिग्रॅ., पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ. व क्लोरझॉक्साझोन (स्नायू सैल करणारे) २५० मिग्रॅ. काही गोळ्यांत क्लोरझॉक्साझोनऐवजी थायोकोल्चिकोसाइड ४ किंवा ८ मिग्रॅ. असते. स्नायू सैल करणारा हा घटक मेंदू व मज्जारज्जूवर काम करतो. गुंगी येते ती त्यामुळेच.

प्रौढांना साधारणपणे जेवणानंतर एक गोळी, दिवसातून दोनदा देतात. ॲसिक्लोफिनॅकची दिवसाची कमाल मात्रा २०० मिग्रॅ. असल्याने तिसरी गोळी नको. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. थायोकोल्चिकोसाइड सलग सात दिवसांहून अधिक घेत नाहीत. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व १६ वर्षांखालील मुलांना ते वर्ज्य आहे.

सर्वाधिक घोटाळा होतो तो दुहेरी मात्रेचा. गुडघ्यासाठी आधीच चालू असलेल्या गोळीत ॲसिक्लोफिनॅक किंवा त्याच जातीचे डायक्लोफिनॅक असते, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असते, आणि नावे वेगळी म्हणून तिन्ही पोटात जातात. मेडिकलवाल्याने पट्टी कापून चार गोळ्या दिल्या, तर घटकांची नावे व मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. छापील तुकडाच मागून घ्यावा.

बडोद्यात नवरात्रात ही गोळी हमखास निघते. नऊ रात्री गरबा, घरात घट बसलेले, अंगावर उपवास. रिकाम्या पोटी ॲसिक्लोफिनॅक घेतल्याने पित्त खवळते. घामाने शरीरातले पाणी घटलेले असताना तेच औषध मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करते. उपवास असला तरी आधी साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ खावेत, पाणी भरपूर प्यावे. गरब्याला निघताना गोळी मुळीच घेऊ नये: वेदना दबल्याने दुखावलेला स्नायू आणखी ताणला जातो आणि परतताना स्कूटरवर गुंगी येते. घरी येऊन, खाऊन घ्यावी. याच दिवसांत डेंग्यूही असतो. अंगदुखीसोबत ताप असेल तर ही गोळी टाळावी, कारण ॲसिक्लोफिनॅकने रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा डॉक्टरांना विचारून नुसते पॅरासिटामॉल घ्यावे.

जठरव्रण, हृदयविकार, मूत्रपिंड वा यकृताचा आजार, ॲस्पिरिनने उठणारा दमा असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारे औषध आणि ही गोळी असे त्रिकूट मूत्रपिंडाला विशेष घातक ठरते. रक्त पातळ करणारे औषध, झोपेची गोळी किंवा दारू यांच्याबरोबरही ती धोक्याची आहे.

क्लोरझॉक्साझोनने लघवी नारिंगी किंवा लालसर होऊ शकते. त्याने घाबरू नये. डोळे पिवळे होणे, शौचाला डांबरासारखी काळी होणे, चेहरा सुजणे, धाप लागणे ही मात्र वाट पाहत बसण्याची लक्षणे नव्हेत. गोळी लगेच बंद करून बडोद्याचे सर सयाजीराव रुग्णालय किंवा जवळचा तातडीचा विभाग गाठावा, गरज पडल्यास १०८ला फोन करावा आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.