सूतभर पिळलेली मूठ: बाईकचं सॉफ्टवेअर बदललं की नेमकं काय बदलतं?

‘अरे, नवीन अपडेट मारून दिलंय, गाडी पाच-सहा अश्वशक्तीने तरी वाढली असणार!’ सर्व्हिसिंगहून बाहेर पडल्या पडल्या मित्राने फोन केला आणि त्याच संध्याकाळी मी हा लेख लिहायला बसलो. मित्र खोटं बोलत नव्हता. गाडी त्याला खरोखरच जास्त तडफदार वाटत होती, फक्त त्याने त्यामागचं लावलेलं कारण चुकीचं होतं. कंपनीच्या अपडेटने इंजिनाची कमाल शक्ती सहसा वाढतच नाही. ॲक्सिलरेटरची मूठ पहिली सूतभर पिळली की गाडी कसं उत्तर देते, ते बदलतं. आणि रोजच्या चालवण्यात आपण बहुतेक वेळ त्या सूतभर जागेतच असतो.

मला हे कळलं ते माझ्या स्वतःच्या गाडीमुळे. तीनशे सीसीच्या आसपासची, एका सिलिंडरची स्पोर्ट बाईक. माणगावकडून ताम्हिणी चढताना ती एकच खोड सारखी दाखवायची. वळणाच्या आधी मूठ पूर्ण सोडायची, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी वळणात घालायची आणि मध्यावर आल्यावर अलगद मूठ उघडायची. क्षणभर काहीच व्हायचं नाही, आणि मग एकदम हिसका. गाडी झुकलेली असताना असा हिसका बसला की ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. पावसाळ्यात, रस्त्याच्या कडेला शेवाळ असताना, पोटात गोळा यायचा. पुढच्या सर्व्हिसिंगला नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि हिसका बराच कमी झाला. एकही पार्ट बदलला नव्हता, मग बदललं काय?

कार्ब्युरेटरच्या काळात ट्यूनिंग म्हणजे पेट्रोल किती जायचं ते ठरवणारे पितळेचे बारीक भोकाचे जेट बदलणं. पायलट जेट, मेन जेट आणि त्यांच्या मधलं राज्य निडलचं, म्हणजे जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या सुईचं. मुरलेला मेकॅनिक प्लगचा रंग बघून पेट्रोल-हवेचं मिश्रण कसं आहे ते सांगायचा. २००६ साली हीरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, पुढच्याच वर्षी बजाजची पल्सर २२० आली आणि आपल्याकडच्या बाईकमध्ये जेटची जागा पेट्रोलचा फवारा मारणारा इंजेक्टर घेऊ लागला. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी कधी पाडायची, हे ईसीयू ठरवतो. ईसीयू म्हणजे सीटखाली किंवा टाकीखाली बसवलेला एक छोटा संगणक. त्याच्या पोटात आकड्यांचे तक्ते असतात: इतके आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि थ्रॉटल (मुठीने उघडणारी हवेची झडप) इतका उघडा असेल, तर इतकं पेट्रोल आणि ठिणगी इतके अंश आधी. या तक्त्यांनाच ट्यूनिंगवाले ‘मॅप’ म्हणतात. अपडेट म्हणजे या तक्त्यांतले आकडे आणि त्यांच्या भोवतीचे नियम नव्याने लिहिणं.

आता त्या हिसक्याकडे वळतो. मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

इंजिन ४८०० आरपीएमवर फिरतंय असं समजा, म्हणजे सेकंदाला ८० फेरे. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होतं, म्हणून सेकंदाला ४० ज्वलनं, दर २५ मिलिसेकंदांना एक. मूठ पूर्ण सोडली आणि आरपीएम पुरेसे असले की ईसीयू पेट्रोल अजिबात बंद करतो. चाक इंजिनाला ओढतच असतं, मग पेट्रोल कशाला जाळायचं? त्यात इंधनही वाचतं आणि धूरही कमी होतो. खरी अडचण येते पेट्रोल परत सुरू करताना.

इंजेक्टर पेट्रोल उडवतो ते सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या वाटेत, इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर. त्यातलं सगळंच पेट्रोल हवेबरोबर आत जात नाही, काही भाग भिंतीला चिकटतो. भिंतीवर पेट्रोलचा पातळ ओलावा तयार होतो आणि तो हळूहळू वाफ होऊन आत जात राहतो. गाडी एकाच वेगाने चालत असेल तर हिशोब जुळलेला असतो. जितकं नवं चिकटतं, तितकंच जुनं सुटतं.

समजण्यासाठी काही आकडे धरू. दर ज्वलनाला १० मिलिग्रॅम पेट्रोल हवंय. इंजेक्टर १० उडवतो, ७ थेट आत जातं आणि ३ भिंतीला चिकटतं. भिंतीवरच्या साठ्याचा पाचवा भाग दर वेळी सुटतो असं मानलं, तर स्थिर चालीत भिंतीवर १५ मिलिग्रॅम पेट्रोल असलं पाहिजे. १५ चा पाचवा भाग ३, म्हणून हिशोब बरोबर. आता वळणाआधी मूठ सोडली, पेट्रोल बंद झालं. भिंत वाळायला लागते. दर ज्वलनाच्या फेरीला साठा चार पंचमांश उरतो, म्हणजे दहा फेऱ्यांत, पाव सेकंदात, जेमतेम दहावा हिस्सा शिल्लक राहतो. अर्ध्या सेकंदात भिंत कोरडी ठणठणीत.

वळणाच्या मध्यावर मूठ उघडली. ईसीयू तक्त्याप्रमाणे इमानदारीत १० मिलिग्रॅम उडवतो. पण ३ कोरड्या भिंतीने पिऊन टाकले आणि भिंतीकडून परत काहीच आलं नाही. सिलिंडरमध्ये गेलं फक्त ७. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि इथे हे प्रमाण २१ ला एक झालं. इतकं पातळ मिश्रण नीट पेटत नाही. पुढच्या फेरीत ७.६ गेलं, त्याच्या पुढच्या फेरीत साधारण ८.१. दोन-तीन ठिणग्या वाया किंवा अर्ध्यामुर्ध्या गेल्या आणि मग एकदम जोमाने ज्वलन झालं. ‘क्षणभर काहीच नाही आणि मग हिसका’ तो हाच.

याचा इलाज गणिती आहे आणि फार देखणा आहे. पहिल्या फेरीत भिंत ३० टक्के पिणार हे माहीत असेल, तर १० ऐवजी १४.३ मिलिग्रॅम उडवा. त्याचे ७० टक्के बरोबर १० होतात. दुसऱ्या फेरीत भिंत थोडं परत देणार, म्हणून १३.१ पुरे. तिसऱ्या फेरीत १२.२. असं उतरत उतरत १० वर यायचं. फक्त किती टक्के चिकटतं आणि किती वेगाने सुटतं, हे दोन आकडे स्थिर नसतात. गार इंजिनात जास्त चिकटतं आणि सावकाश सुटतं. आरपीएम बदलले, वाटेतला दाब बदलला की तेही बदलतात. म्हणून त्यांचेही तक्ते लागतात, आणि ते भरायला इंजिनिअर मंडळी गार सकाळी, भर उन्हात, उंच घाटात गाड्या चालवत बसतात. गाडी बाजारात आल्यावर हजारो लोकांच्या हाताखाली ती कुठे चुकते हे कळतं आणि तक्ते सुधारले जातात. अपडेटमधला मोठा वाटा अशा बिननावाच्या दुरुस्त्यांचा असतो.

पण पेट्रोल अचूक मिळालं तरी हिसका पूर्ण जात नाही. मूठ सोडलेली असते तेव्हा चाक इंजिनाला ओढत असतं, चेनची खालची बाजू ताणलेली आणि वरची सैल. मूठ उघडली की उलटं: वरची बाजू ताणली जाते, खालची सैल पडते. या अदलाबदलीत चेनची ढिलाई, गिअरच्या दातांमधली फट आणि मागच्या हबमधल्या रबराचं दबणं, एवढा सगळा मोकळा प्रवास पार करावा लागतो. इंजिनाने जोरात तो पार केला तर टोकाला ठोका बसतो. दार हळू लावलं तर नुसतं टेकतं, ढकललं तर आदळतं, तसंच.

म्हणून त्या मोकळ्या प्रवासापुरता इंजिनाचा जोर मुद्दाम कमी ठेवायचा असतो. तो कशाने कमी करायचा? हवा कमी करून जमत नाही, कारण थ्रॉटलनंतरच्या पोकळीत हवेचा दाब बदलायला एक-दोन फेऱ्या जातात. ठिणगी मात्र पुढच्याच ज्वलनाला बदलता येते. एरवी पिस्टन टोकाला पोहोचायच्या वीस-पंचवीस अंश आधी ठिणगी पडते (हे अंश क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे), म्हणजे ज्वलनाचा सर्वाधिक दाब पिस्टन टोक ओलांडून सुमारे पंधरा अंश खाली आल्यावर मिळतो आणि ढकलणी पूर्ण कामी येते. ठिणगी उशिरा पाडली की दाब उशिरा येतो, पिस्टन तोवर पुढे निघून गेलेला असतो, जोर कमी पडतो आणि उरलेली उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते. नवा मॅप पहिल्या काही ज्वलनांना ठिणगी उशिरा पाडतो आणि चेन ताणली गेली की टप्प्याटप्प्याने मूळ जागी आणतो. ४८०० आरपीएमला क्रँकचा एक अंश म्हणजे सुमारे ३५ मायक्रोसेकंद. इतक्या बारीक वेळेची हेराफेरी तुमच्या मनगटाला ‘गाडी लोण्यासारखी चालते’ अशी जाणवते.

मुठीला केबल नसेल, तर आणखी एक गोष्ट हातात येते. थ्रॉटल म्हणजे नळीत फिरणारी गोल चकती. ती शून्यापासून १० अंश फिरली तर वाट दीड टक्काच उघडते, २० अंशांना ६ टक्के, ६० अंशांना निम्मी. पण कमी आरपीएमवर इंजिनाची हवेची भूक एवढी थोडी असते, की ते सहा टक्केही त्याला जवळपास पुरतात. म्हणजे केबलच्या गाडीत कमी वेगाला सगळा जोर मुठीच्या सुरुवातीच्या पिळातच कोंबलेला असतो. चकती मोटरने फिरवायची सोय, म्हणजे राइड-बाय-वायर, असली तर मूठ किती पिळली आणि चकती किती उघडायची, हे नातं प्रत्येक आरपीएमला वेगळं लिहिता येतं. यामाहाने २००६ च्या आर६ मध्ये ही व्यवस्था आणली.

सॉफ्टवेअर काय करू शकतं याचं आपल्याकडचं स्वच्छ उदाहरण म्हणजे होसूरची टीव्हीएस अपाचे आरआर ३१०. २०२० च्या बीएस-६ (धुराच्या नव्या सरकारी नियमांच्या) आवृत्तीत तिला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणि चार मोड मिळाले. स्पोर्ट आणि ट्रॅकमध्ये शक्ती ३४ पीएस (म्हणजे अश्वशक्ती, ९७०० आरपीएमला) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २७.३ न्यूटन मीटर (७७०० आरपीएमला). अर्बन आणि रेनमध्ये २५.८ पीएस (७६०० आरपीएमला) आणि २५ न्यूटन मीटर (६७०० आरपीएमला). तेच इंजिन, तोच पिस्टन. आकडे जरा जवळून बघा. शक्ती जवळपास चौथ्या हिश्शाने उतरली, पण टॉर्क आठच टक्क्यांनी. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. अर्बन मोडमध्ये इंजिनाला वरच्या आरपीएमला श्वास घेऊ दिला जात नाही, खालचा जोर बऱ्यापैकी शाबूत राहतो. पुण्याच्या कर्वे रोडच्या गर्दीत एरवीही कोणी ९७०० पर्यंत जात नाही, त्यामुळे ही काटछाट जाणवतही नाही. आणि हेही लक्षात ठेवा: त्याआधीच्या केबलवाल्या गाडीत नुसतं सॉफ्टवेअर टाकून हे मोड येत नाहीत, कारण तिथे चकती फिरवणारी मोटरच नाही.

मग बाजारात ‘१५ टक्के पॉवर वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्या? यातल्या स्वस्तातल्या कित्येक डब्या उघडल्या तर आत एक रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा छोटा भाग, निघतो. तो हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत बसवायचा. हा सेन्सर गार पडला की त्याचा रोध वाढतो. रेझिस्टर लावल्यावर ईसीयूला वाटतं की हवा गार, म्हणजे दाट आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. पण सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर मिश्रणात पेट्रोल जास्त झाल्याचं लगेच सांगतो आणि सामान्य चालवण्यात ईसीयू ते जास्तीचं पेट्रोल परत कापतो. पूर्ण मूठ पिळल्यावर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकलं जात नाही, तिथे मात्र जास्तीचं पेट्रोल जळतं, प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज घसरतं. हवा वाढलेलीच नसते, मग शक्ती कुठून येणार? टर्बोच्या, म्हणजे पंख्याने हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या, गाडीत सॉफ्टवेअरने हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे रिमॅपचे, म्हणजे नवा मॅप टाकण्याचे, मोठे आकडे खरे असतात. तेच आकडे बिनटर्बोच्या एका सिलिंडरच्या बाईकला चिकटवणं ही शुद्ध फसवणूक आहे, आणि विज्ञान शिकलेली तरुण मुलं हजारो रुपये त्यात घालतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. बॅटरीची वायर काढून ठेवली की ‘ईसीयू फ्रेश होतो’ हा समजही असाच. काही गाड्यांमध्ये त्याने शिकलेल्या दुरुस्त्या तेवढ्या पुसल्या जातात आणि थोड्या किलोमीटरमध्ये तो त्याच पुन्हा शिकतो.

कंपन्यांना हे तक्ते हवे तसे लिहिता येत नाहीत, हेही खरं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना ठरावीक चाचणीत धुराची मर्यादा पाळावी लागते. सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला मिश्रण १४.७ च्या आसपासच ठेवावं लागतं, तर सर्वाधिक जोर १३ च्या जवळ मिळतो. पुण्यात ज्या एआरएआय टेकडीवर आपण सकाळी फिरायला जातो, तिचं नाव ज्या संस्थेवरून पडलं तिथे अशाच चाचण्या होतात. घराजवळ मेकॅनिकने लॅपटॉप लावून टाकलेला मॅप या चाचणीतून गेलेला नसतो. अपडेट घ्यायचंच तर कंपनीचं घ्या आणि जॉबकार्डवर सॉफ्टवेअरचा जुना-नवा क्रमांक लिहून मागा.

माझ्या गाडीची गोष्ट थोडी उरली आहे. अपडेटनंतर हिसका बराच कमी झाला, पण एक बारीक ‘टक्’ राहिलीच होती. पुढच्या रविवारी गाडी पॅडॉक स्टँडवर घेतली आणि चेन बोटाने वर-खाली करून पट्टीने मोजली. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर दिलेल्यापेक्षा एक सेंटीमीटर जास्त ढिली होती. मागचे दोन्ही नट सारखे फिरवून ती ताणली, तेल दिलं आणि मुळशीपर्यंत जाऊन आलो. टक् गेली होती.