सिंहगडावर घोरपड चढलीच नव्हती

तानाजी मालुसऱ्यांनी ‘यशवंती’ नावाच्या घोरपडीला दोर बांधून कोंढाणा सर केला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ती येते पोवाड्यातून. सभासद बखर, म्हणजे शिवाजी महाराजांचं जुनं चरित्र, ४ फेब्रुवारी १६७० च्या या लढाईनंतर साधारण पंचवीस वर्षांतच लिहिली गेली. तिच्यात घोरपडीचं नावही नाही. तिथे दोन निवडक मावळे रात्री वानरांसारखे कडा चढून गेले, वरून त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी लावली, आणि तानाजींसह तीनशे माणसं वर आली, असं सांगितलं आहे.

नुसता विचार केला तरी पटतं. घोरपडीचं वजन जेमतेम काही किलो. तिच्या नखांवर शस्त्रासह लोंबकळणारा गडी कसा तोलला जाणार? आणि ती नेमकी पाहिजे तिथेच जाऊन थांबेल, याची खात्री कोण देणार?

मला सर्वांत जास्त खटकतं ते हे, की या कथेत कडा चढणाऱ्या त्या दोन मावळ्यांचं श्रेय एका प्राण्याला जातं. काळोखात, खाली दरी, वर मोगलांचा किल्लेदार उदेभान राठोडाचे पहारे, आणि हाताला फक्त खडकाच्या कपारी. बखरीने त्यांची नावंही दिलेली नाहीत.