दर सोमवारी सात वाजता: रुबीतल्या रिकरिंग इव्हेंट्सची पार्श्वभूमी

रिकरिंग इव्हेंट्स, म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा येणारे प्रसंग, रुबी या प्रोग्रामिंग भाषेत साठवायचं काम पहिल्यांदा अंगावर आलं तेव्हा मी तेच केलं जे बहुतेक सगळे करतात. एका क्लासचं वेळापत्रक होतं, दर सोमवारी संध्याकाळी सात, मग काय, लूप फिरवला, वर्षाच्या ५२ रो डेटाबेसच्या टेबलात ओतल्या आणि घरी गेलो. जूनमध्ये सरांनी वेळ साडेसात केली. आता पुढच्या रो बदलायच्या, मागच्यांना हात लावायचा नाही, त्यात दोन सोमवार आधीच मंगळवारी ढकललेले, ते ओळखायचे कसे हा वेगळाच घोळ. तारखा नाही, नियम साठवायचा असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. रुबीत या कल्पनेचे दोन अवतार दिसतात आणि दोन्ही बाहेरून आलेत.

त्याआधी क्रॉनचं, म्हणजे ठरलेल्या वेळी जॉब चालवणाऱ्या युनिक्सच्या प्रोग्रामचं सांगतो, कारण सगळे आधी तिकडेच धावतात. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९७९ पासून तो आहे. पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. आता '१३ तारखेचा शुक्रवार' लिहून बघा. तारीख १३ आणि वार शुक्रवार असं दोन्ही भरलं की क्रॉन त्याचा अर्थ 'किंवा' असा घेतो, त्यामुळे प्रत्येक शुक्रवारी पण जॉब चालतो आणि प्रत्येक १३ तारखेला पण. शिवाय क्रॉनचं काम 'आत्ता वेळ झाली का' एवढंच बघायचं, पुढचे दहा सोमवार सांग म्हटलं तर तो गप्प. रुबीतलं व्हेनेव्हर हे जेम (रुबीची तयार लायब्ररी) क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनच्या जॉबची यादी, लिहायला मस्तच आहे, पण कॅलेंडर हा त्याचा प्रांत नाही.

पहिला अवतार सॉफ्टवेअर डिझाइनवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलर यांचा. १९९७ मध्ये त्यांनी रिकरिंग इव्हेंट्सवर एक पेपर लिहिला, त्यातलं उदाहरण त्यांच्या बोस्टनमधल्या साऊथ एंडच्या रस्तासफाईचं होतं: एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्याचा पहिला आणि तिसरा सोमवार, सरकारी सुट्ट्या सोडून. हे एकच वाक्य बघा, यात जोड आहे, छेद आहे, वजाबाकी आहे, म्हणजे सरळ शाळेतले संच! प्रत्येक नियम हा एक ऑब्जेक्ट आणि त्याला प्रश्न एकच, ही तारीख तुझ्यात बसते का. मॅथ्यू लिपर यांनी हेच रंट नावाच्या लायब्ररीत रुबीत आणलं, आणि रुबीत ऑपरेटर आपल्याला हवे तसे लिहिता येत असल्यामुळे ते वाचायलाही छान लागतं. अडचण एवढीच की हो-नाही उत्तर देणाऱ्या ऑब्जेक्टला 'पुढची तारीख कधी' विचारलं की एकेक दिवस चालत जाऊन बघावं लागतं.

दुसरा अवतार कंपन्यांच्या गरजेतून आला. ॲपल, एटीअँडटी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या व्हर्सिट नावाच्या गटाने १९९६ मध्ये व्हीकॅलेंडर हा कॅलेंडरची माहिती देवघेव करायचा फॉरमॅट आणला, त्यावरून नोव्हेंबर १९९८ मध्ये आयकॅलेंडरचं स्टँडर्ड, म्हणजे आरएफसी २४४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या स्टँडर्डांचे क्रमांकित दस्तऐवज), लिहिलं लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन यांनी. सप्टेंबर २००९ मध्ये त्याची जागा आरएफसी ५५४५ ने घेतली. इथे नियम म्हणजे एका ओळीचा मजकूर, आररूल, कुठल्याही दोन कॅलेंडरांना एकमेकांना पाठवता येईल असा. याच्या बारीक कलमांतच खरी मजा आहे. दर महिन्याच्या ३१ तारखेला असं सांगितलं तर फेब्रुवारी, एप्रिल वगैरे सरळ गाळायचे. आणि रुबीचा डेट क्लास काय करतो? ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी देतो, त्यात अजून एक मिळवला की २८ मार्च. झालं, ३१ तारीख कायमची गेली! घरभाड्याच्या रिमाइंडरमध्ये हा बग मी स्वतःच्या हाताने लिहिलाय.

२०१० मध्ये जॉन क्रेपेझी यांचं आइस क्यूब हे जेम आलं आणि रेल्सवाल्यांचा (रेल्स हे रुबीतलं वेब फ्रेमवर्क) प्रश्न बऱ्यापैकी सुटला. शब्दसंग्रह बराचसा आयकॅलेंडरचा, पण लिहायची पद्धत रुबीची, म्हणजे रूल डॉट वीकली डॉट डे सोमवार. शेड्यूलमध्ये नियम घाला, एखादा सोमवार वगळा, सगळं यामल या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये करून एका कॉलमात ठेवा, आणि हव्या त्या दोन तारखांमधले प्रसंग मागा. शेवट नसलेल्या नियमाच्या 'सगळ्या' तारखा मागितल्या तर ते एरर फेकतं, जे योग्यच आहे. नंतर माँट्रोज नावाच्या जेमने तारखा लागतील तशा एकेक काढायची पद्धत धरली, आणि स्क्वेअर कंपनीच्या आररूल जेमने थेट ती आररूलची एक ओळच वाचून अर्थ लावायला घेतली.

वेळेचा घोळ वेगळाच. आपल्याकडे घड्याळ मागेपुढे होत नाही म्हणून पुण्यात बसून हा बग दिसतच नाही, न्यू जर्सीचा क्लायंट नोव्हेंबरात ओरडला की दिसतो. २००७ पासून अमेरिकेने उन्हाळी वेळ एप्रिलऐवजी मार्चमध्ये सुरू केली आणि ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरमध्ये संपवली, तेव्हा ज्यांनी पुढच्या वेळा आधीच यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) काढून ठेवल्या होत्या त्यांच्या मीटिंगा मधल्या आठवड्यांत तासभर सरकल्या. नियम आणि टाइमझोनचं नाव साठवलेल्यांना फक्त झोनचा डेटा अपडेट करावा लागला. रेल्समध्ये झोनची नीट सोय २००८ मध्ये २.१ बरोबर आली.

आणि आपलं पंचांग? २०१५ च्या आरएफसी ७५२९ ने ग्रेगरियन सोडून इतर कॅलेंडरांना दार उघडलं, पण त्यात भारताच्या नावाने जे आहे ते १९५७ चं सरकारी शक कॅलेंडर, तिथी नाहीत. संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी, तीही चंद्रोदयाला असलेली, आणि चंद्रोदय गावागणिक वेगळा. हे एका आररूलमध्ये बसवून दाखवा. मी तरी दरवर्षी पंचांग उघडून १२ रो हाताने टाकतो, अधिक महिना असेल तर १३.