यू-रॉय

यू-रॉय : (२१ सप्टेंबर १९४२ – १७ फेब्रुवारी २०२१). जमैकातील साउंड सिस्टिमचा डीजे आणि ध्वनिमुद्रण कलावंत. मूळ नाव यूअर्ट बेकफर्ड. जन्म किंग्स्टन शहरातील जोन्स टाउन या वस्तीत. घरातल्या एका लहानग्याला ‘यूअर्ट’ म्हणता येईना, तो ‘यू-रॉय’ म्हणे. तेच नाव कायमचे चिकटले.

मराठीत ‘डीजे लावला’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे स्पीकरची भिंत येते. जमैकात त्या भिंतीला साउंड सिस्टिम म्हणतात. तबकडी निवडून लावणारा तो सिलेक्टर, आणि वाजत्या गाण्यावर माइकवरून बोलणारा तो डीजे. हे बोलणे म्हणजे टोस्टिंग. विसाव्या शतकाच्या मध्यास किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत मोकळ्या अंगणात स्पीकर रचून, तिकीट लावून नाच भरवले जात. मालकांमध्ये चुरस एवढी, की आपली तबकडी कोणती हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून तिच्यावरचे लेबल खरवडून टाकत. सुरुवातीला डीजेचे काम गाण्याच्या आधी आणि मधल्या फटींत चार चटपटीत वाक्ये टाकून गर्दीला नाचते ठेवण्याचे होते. काउंट मचुकी हा त्यातला नावाजलेला गडी. यू-रॉय त्यालाच गुरुस्थानी मानी.

१९६१च्या सुमारास डिकी वाँग यांच्या सिस्टिमवर यू-रॉयने माइक हाती घेतला. पुढे सर जॉर्ज द अ‍ॅटॉमिक आणि सर कॉक्सन यांच्या सिस्टिमवर त्याने काम केले. पण त्याची खरी घडण झाली ती ऑस्बर्न रडॉक ऊर्फ किंग टबी याच्या होम टाउन हाय-फाय या सिस्टिमवर, १९६८पासून. टबी व्यवसायाने विजेची उपकरणे दुरुस्त करणारा. ड्यूक रीड यांच्या ट्रेझर आयल स्टुडिओसाठी तो ध्वनी कोरून तबकड्या बनवून देई. त्याच काळात गायकाचा आवाज काढून टाकलेल्या ध्वनिमुद्रिका (‘व्हर्जन’) नाचांत वाजू लागल्या होत्या. टबी गायकाच्या दोन ओळी ठेवी, मग आवाज एकदम बंद करी. खाली उरे तो बास आणि ढोल. त्या रिकाम्या जागेत यू-रॉयला पहिल्यांदा पुरेसा वाव मिळाला. फटीत वाक्य कोंबण्याची गरजच उरली नाही, कारण आता सगळे गाणेच त्याचे होते.

पॅरागॉन्स या गायकसंघातील जॉन होल्ट याने एका नाचात आपल्याच गाण्यावर चाललेले हे बोलणे ऐकले आणि ड्यूक रीडच्या कानावर घातले. रीड हा माजी पोलीस. त्याचा स्टुडिओ बाँड स्ट्रीटवरील त्याच्या दारूच्या दुकानाच्या वर होता. तिथे ‘वेक द टाउन’, ‘रूल द नेशन’ आणि ‘वेअर यू टू द बॉल’ ही गाणी मुद्रित झाली, आणि १९७० साली जमैकातील लोकप्रिय गाण्यांच्या यादीतल्या पहिल्या तीन जागा त्यांनी पटकावल्या. ‘वेअर यू टू द बॉल’मध्ये त्याची रीत स्वच्छ दिसते. होल्टची ओळ येते, अर्ध्यात तुटते आणि यू-रॉय तिला उत्तर देतो, डिवचतो, किंचाळतो, पुन्हा तालावर येतो. म्हणून हे निवेदन वाटत नाही. गायकाशी रंगलेली जुगलबंदी वाटते.

त्याला ‘ओरिजिनेटर’ (जनक) म्हणत. ही पदवी जपूनच घ्यावी. मचुकी त्याच्या आधीचा, आणि किंग स्टिट या डीजेच्या तबकड्याही १९७०पूर्वीच्या. यू-रॉयने आधी ली पेरी आणि कीथ हडसन या निर्मात्यांसाठी केलेल्या ध्वनिमुद्रिकाही फारशा गाजल्या नव्हत्या. त्याचे श्रेय वेगळे आहे : डीजेची तबकडी गायकाच्या तबकडीसारखीच, किंबहुना जास्त, खपू शकते हे त्याने दाखवले. त्यानंतर डेनिस अल्कापोन, आय-रॉय, बिग यूथ अशी रीघच लागली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३मध्ये हिपहॉपची पायाभरणी करणारा कूल हर्क हाही किंग्स्टनमध्येच जन्मलेला. मात्र रॅपचा, म्हणजे तालावर बोलण्याच्या शैलीचा, सगळा वंश जमैकाच्या खात्यावर मांडणे घाईचे ठरेल. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या रेडिओ निवेदकांची वाचाळ शैली किंग्स्टनमध्येही ऐकली जात होतीच, आणि मचुकीसारखे डीजे तिच्यावरच पोसले होते.

१९७५चा ‘ड्रेड इन अ बॅबिलॉन’ हा प्रिन्स टोनी रॉबिन्सन निर्मित अल्बम व्हर्जिन कंपनीने ब्रिटनमध्ये काढला. मुखपृष्ठावर धुराच्या लोटात चेहरा हरवलेला यू-रॉय आहे. रास्ताफारी या जमैकातील धर्मपंथावरची श्रद्धा या काळात त्याच्या शब्दांत ठळक झाली.

परदेशी नाव झाले तरी तो अंगणातल्या नाचाला विसरला नाही. सत्तरच्या दशकात त्याने स्टर-गाव हाय-फाय ही स्वतःची सिस्टिम उभारली. नाव मुलांच्या नावांचे तुकडे जोडून केलेले. रँकिंग जो, चार्ली चॅप्लिन आणि जोझी वेल्स हे पुढच्या पिढीचे डीजे तिच्यावर तयार झाले. २००७मध्ये जमैका सरकारने त्याला ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ देऊन गौरवले. किंग्स्टनमध्ये वयाच्या ७८व्या वर्षी त्याचे निधन झाले. ‘सॉलिड गोल्ड यू-रॉय’ हा अल्बम त्यानंतर काही महिन्यांनी प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या गाण्यांची नवी मुद्रणे असून बिग यूथचाही आवाज आहे.