सर्व्हीर

सर्व्हीर : उपग्रहांकडून मिळणारी माहिती शेती, जंगल, पाणी व हवामान यांविषयीच्या निर्णयांत वापरता यावी, यासाठी अमेरिकेची नासा ही अंतराळसंस्था, परदेशी मदत देणारी यूएसएड आणि विकसनशील देशांमधील प्रादेशिक केंद्रे यांनी मिळून चालवलेला उपक्रम. ग्वातेमालातील पेतेनच्या अरण्यात काम केलेले नासाचे डॅनियल अर्विन यांच्या पुढाकाराने त्याचे पहिले केंद्र 2005 मध्ये पनामात सुरू झाले. त्यानंतर नैरोबी (2008), काठमांडू (2010), बँकॉक (2015), नायजरमधील नियामे (2016) आणि कोलंबियातील काली (2019) येथील संस्था त्यात आल्या.

यासाठी नवी कार्यालये न थाटता त्या त्या प्रदेशात आधीच पाय रोवलेल्या संस्था निवडल्या गेल्या, ही या उपक्रमाची खरी हुशारी. काठमांडूची इसिमोड ही पर्वतीय प्रदेशांच्या विकासासाठीची संस्था 1983 पासून हिंदुकुश-हिमालयात काम करते. भारतासह आठ देश तिचे सदस्य आहेत. नदी एका देशात उगम पावते आणि पूर दुसऱ्याच देशात येतो, अशा या भागात सर्वांशी बोलणे असलेली संस्था हाताशी असणे ही मोठीच सोय होती.

नेपाळमधील वणव्यांच्या सूचनांवरून कामाची पद्धत कळते. टेरा व ॲक्वा या उपग्रहांवरील मोडिस हे उपकरण जमिनीवरच्या असाधारण उष्ण जागा टिपते. काठमांडूत त्या जागा स्थानिक प्रशासकीय हद्दींच्या नकाशाशी जुळवून संबंधित वनाधिकाऱ्यांना एसएमएस व ईमेल पाठवले जात. मोडिसच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या जागेचा. त्यामुळे लहान आग किंवा ढगांखालची आग निसटू शकते. तरीही डोंगराळ मुलखात वणव्याची बातमी पायवाटेने येण्यापेक्षा हे बरे.

केनियात याच उपकरणाने मोजलेल्या रात्रीच्या भूपृष्ठ-तापमानावरून चहाच्या मळ्यांना दहिवराचा (गोठलेल्या दवाचा) धोका कुठे आहे, याचे नकाशे बनवले गेले. ग्वातेमालातील आतित्लान सरोवरात 2009 मध्ये नील-हरित शैवाल माजले, तेव्हा ते किती पसरले आहे हे उपग्रहचित्रांनी दाखवले. सरोवर किती बिघडले यावर वाद घालायला मग फारशी जागा उरली नाही.

लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची चित्रे 2008 पासून मोफत झाल्याने कच्च्या माहितीचा खर्च मिटला; तिच्यातून उपयोगी नकाशा काढणाऱ्या माणसांचा पगार मात्र मोफत नव्हता. या बाबतीत भागीदारी एकाच दात्यावर फार विसंबून राहिली. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये परदेशी मदत गोठवली आणि त्याच वर्षी यूएसएडही मोडीत काढली, तेव्हा केंद्रांना मिळणारा यूएसएडचा पैसा बंद झाला. काठमांडू, नैरोबी व बँकॉक येथील संस्था सर्व्हीरच्या आधीपासूनच्या असल्याने टिकून आहेत. सेवा चालू ठेवण्याचा खर्च आता त्यांना अन्यत्र शोधावा लागतो.